बिनदाराच्या घराचा उंबरा

सोमवारी सकाळी, कोंबडे ओरडून ओरडून गप्प झाले होते आणि समुद्रावरचं कोवळं ऊन खांबाखांबांतून घरात शिरत होतं, तेव्हा फिलोईनं आपल्या झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालची उशी काढून घेतली.

हिसकावून नव्हे... एका हातानं त्याचं डोकं अलगद उचललं, दुसऱ्या हातानं उशी सरकवली. लहानपणी तो तापानं फणफणायचा तेव्हा कपाळावरची ओली घडी बदलायची ना, अगदी तशी. मग गुडघे टेकून तिनं त्याला कुशीवर लोटलं, त्याच्या अंगाखालून झोपायची चटई ओढली, तिची गुंडाळी केली, वर मच्छरदाणी ठेवली, आणि ते सगळं बोचकं छातीशी धरून ती घराबाहेर आली. घराभोवती काळ्या दगडांचा पट्टा होता. लग्न झालं त्या वर्षी तिच्या नवऱ्यानं एकेक दगड किनाऱ्यावरून खांद्यावर वाहून आणून तो रचला होता. त्या दगडांच्या पलीकडे, नीरफणसाच्या झाडाखाली तिनं ते बोचकं ठेवलं. आणि मग कंबरेवर हात ठेवून ती वळून उभी राहिली.

मालाकी उठून बसला. अठ्ठावीस वर्षांचा आडदांड गडी. डोळे सुजलेले, गालावर फरशीची नक्षी उमटलेली.

"आई... काय चाललंय सकाळी सकाळी?"

"तुझं अंथरूण बाहेर ठेवलंय."

"ऊन दाखवायला?"

"नाही. आजपासून तू या छपराखाली झोपायचं नाहीस."

तो हसला. खरंच हसला! आईचं बोलणं म्हणजे पाऊस. पडतो आणि थांबतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यानं मान फिरवून चहूकडे पाहिलं. आठ खांब, वर छप्पर, आणि खांबांच्या मध्ये सगळीकडून येणारा वारा.

"मग दार लावून घेणार का? लाव की! कुठलं लावतेस? मला दाखव तरी आपल्या घराला दार कुठं आहे ते."

हे त्यानं चेष्टेनं म्हटलं. पण रात्रभर फिलोई नेमकं याच विचारात जागी होती. ज्या घराला भिंत नाही, त्यातून माणूस बाहेर काढायचा कसा? कडी नाही, कुलूप नाही... सामोआतल्या सावाई बेटावरच्या तिच्या त्या गावात कुणाच्याच घराला नव्हतं, आणि त्याचा सगळ्यांना अभिमान होता. पोटच्या पोराला परका करणारी आई त्या गावानं पाहिली नव्हती.

"ते दगड दिसतायत?" ती म्हणाली. "तुझ्या बापानं घातलेत. तोच उंबरा. ओलिआना आजीची पानं भरून देईपर्यंत तू दगडांच्या आत पाय ठेवायचा नाहीस, आणि माझ्या चुलीवरचं खायचं नाहीस. वर तारोच्या मळ्यात आपली झोपडी आहे, तिथं राहा. संध्याकाळच्या प्रार्थनेला ये. देवाच्या आणि तुझ्या मध्ये मी कोण येणार? पण बाहेर बसायचं."

मालाकीचं हसू ओसरलं. शनिवारी काय झालं ते त्याला अंधुक आठवत असावं.

शनिवारी दुपारी तो पिऊन तर्र होऊन शेजारच्या ओलिआना आजीच्या विणायच्या खोपटात जाऊन पडला होता. बोटांत सिगरेट तशीच. म्हातारीनं चार महिने खपून तयार केलेली केतकीची पानं तिथं वळकट्या करून ठेवलेली. कापून, काटे काढून, उकडून, वरची साल सोलून, समुद्रात भिजवून, उन्हात पांढरी केलेली! अशा वीस वळकट्या. पानं पेटली, खोपट पेटलं. माणसांनी याला पाय धरून ओढून बाहेर काढला. चार पावलांवर घरात म्हातारी दुपारची डुलकी घेत होती. तिच्या छपराची कड काळी पडली, तेवढ्यावर निभावलं. वारा जरा फिरला असता तर...! फिलोईला पुढचा विचारच करवत नव्हता.

आणि हा? हा रविवारभर झोपला होता.

"मी काय मुद्दाम केलं?" तो आता ओरडला. "चूक झाली. मामा बघेल काय ते. तू कशाला एवढं...?"

"मामा नाही बघणार. तू बघणार."

"लोक थुंकतील तुझ्यावर! मुलाला जनावरासारखं रानात हाकलतेस? तू आई आहेस का कोण आहेस?"

तो शब्द बरोबर वर्मी बसला. फिलोईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण तिनं ते पुसलं नाही, वाहू दिलं. पाणी डोळ्यांतून जातं, जाऊ दे... शब्द जागचा हलता कामा नये.

"आई आहे," ती म्हणाली, "म्हणून तर उशीर झाला. दुसरी कुणी असती तर दोन वर्षांपूर्वीच बाहेर काढलं असतं. ऊठ!"

दोन वर्षांपूर्वी तो न्यूझीलंडहून परत आला होता. सफरचंदांच्या बागेत हंगामाच्या कामाला गावातली अकरा पोरं गेली होती. दहा जण हंगाम संपवून आले, हा मध्येच परत पाठवला गेला. दारूपायी. विमानतळावर त्याला घ्यायला फिलोई फुलांचा हार घेऊन गेली होती, आणि तो मान खाली घालून असा आला होता की तिनं हार पाठीमागे लपवला. काही विचारलं नाही. ते न विचारणं म्हणजेच माया, असं तेव्हा तिला वाटलं. मग तो उठेनासा झाला, जेवण जागेवर मागू लागला. गावच्या तरुणांच्या कामाच्या पाळीत त्याचं नाव आलं की फिलोईच दंडाची कोंबडी नाही तर डुक्कर पोचवायची आणि सांगायची, "बरं नाही हो त्याला." चर्चच्या गायनात ज्याच्या आवाजानं म्हाताऱ्यांचे डोळे पाणवायचे, त्याला दोन वर्षं बरं नव्हतं.

आणि गेल्या वर्षीची ती सकाळ...! वरच्या गावातल्या एका माणसाला यानं दारूच्या भांडणात मारलं, दात पाडले. अशा वेळी गुन्हेगारानं पहाटे त्या घरासमोर जाऊन डोक्यावरून मानाची चटई पांघरून बसायचं, आणि आतली माणसं येऊन चटई उचलतील तोवर हलायचं नाही, ही तिकडची रीत. उचलली तर माफी. नाही उचलली तर... तर माणसं जीवही घेऊ शकतात. ती चटई म्हणजे काही अंथरायची चटई नव्हे. रेशमासारखी मऊ, विणायला वर्षावर वर्ष लागतात, आणि घराची इज्जत म्हणून ती जपून ठेवतात. फिलोईनं चटई काढली, पहाटे मालाकीला हाका मारल्या. तो उठला नाही. हलवलं, तोंडावर पाणी मारलं. "सोड ना गं," म्हणून तो कूस बदलून झोपला. तेव्हा तिचा भाऊ पुढं आणि चटईखाली ती! मुलगा झोपला होता म्हणून आई बसली.

पांघरुणाखालून तिला फक्त आपले गुडघे दिसत होते आणि मुंग्यांची एक रांग. ऊन चढत गेलं. शेवटी कुणीतरी चटई उचलली आणि एक बाई पुटपुटली, "अगोबाई, ही तर आई आहे!"

घरी आली तेव्हा मालाकीनं डोळे चोळत विचारलं होतं, "आज कोको नाही केलास?"

तिनं कोको केला होता.

*

मालाकी बोचकं उचलून, दगडाला लाथ मारून मळ्याच्या वाटेनं गेला. त्याची पाठ झाडीत दिसेनाशी होतेय तोच फिलोईचा धाकटा भाऊ सेउमालो आला. घराण्याचा प्रमुख, गावसभेत बोलायला लागला की छपरावरचे पक्षी उडतील असा आवाज. पण बहिणीसमोर तोच माणूस चोरासारखा हळू बोलायचा. त्यांच्याकडे भावानं बहिणीपुढं आवाज चढवायचा नसतो. बहीण म्हणजे घराण्याची सत्त्वशील बाजू, तिचा शब्द भावाला मोडता येत नाही. फिलोईनं हा हक्क पन्नास वर्षांत क्वचितच वापरला होता.

"ताई," तो खांबाशी मांडी घालून बसला, "उद्या पहाटे जाऊ. चटई काढून ठेव."

"नाही."

त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "म्हणजे चटई वाळवीनं खाल्ली की काय?"

"चटई धडधाकट आहे. देत नाही."

"ताई, अगं म्हातारी जळून मेली असती! सगळ्या गावाचे डोळे आपल्यावर आहेत. चटई पांघरून बसलो नाही तर लोक म्हणतील, या घराण्याला लाज उरली नाही."

"बसणार कोण चटईखाली? तो?"

 सेउमालो बोटानं खालच्या चटईची कड उलगडत बसला.

"बघ," फिलोई म्हणाली, "तुलासुद्धा माहीत आहे. पुन्हा मीच बसणार. किंवा तू. अन् ती बिचारी म्हातारी उठून चटई उचलणार, माफ केलं म्हणणार, आणि हा गडी दुपारी उठून कोको मागणार. सेउमालो, काल मी ओलिआनाकडे गेले होते. पाय धरले तिचे. म्हटलं, काय देऊ? म्हणाली, 'चटया माझ्याकडे ढीगभर आहेत गं, माझ्याच हातच्या. मला माझी पानं पाहिजेत. आणि ज्या हातानं जाळली, त्याच हातानं केलेली.'"

"पुरुषमाणूस पानं उकडणार? बायकांचं काम! गाव हसेल!"

"हसू दे की! दोन वर्षं गाव माझ्याकडे बघून कळवळतंय. त्यापेक्षा हसलेलं बरं."

"आणि त्याचं काही बरंवाईट झालं तर? रागाच्या भरात काही करून बसला तर? ताई... एकुलता एक आहे तो."

हाच! हाच तो काटा! रात्रभर तिच्या काळजात हाच रुतत होता.  क्षणभर वाटलं, धावत जावं, मळ्याची चढण चढावी, त्याला पोटाशी धरून म्हणावं, चल बाळा, घर तुझंच आहे... पण मग तिला त्या खोपटाची राख दिसली.

"इथं तो रोज थोडा थोडा मरतोय, ते तुला दिसत नाही," ती म्हणाली. "मला दिसतं. मी त्याला वाढते ना ताटात. हे बघ, तुझी माणसं लांबून लक्ष ठेवू देत, त्याला मी ना म्हणत नाही. पण त्याला कुणी जेवायला बोलावायचं नाही, तूसुद्धा नाही. तुझ्या बहिणीचा शब्द आहे हा. मोडायचा तर मोड."

 सेउमालो उठता उठता म्हणाला, "आई असती तर तुला झोडपलं असतं."

"आई असती तर मला आधीच शहाणं केलं असतं."

*

पुढचे दिवस कसे गेले म्हणाल तर डुकरं लठ्ठ झाली. हाताला सवय, फिलोई दोघांचा तारो, ते अळूचे जाडजूड कंद, सोलायची, दोघांसाठी नारळ खवायची, आणि मग उरलेलं डुकरांपुढं टाकायची. चौथ्या दिवशी तिला स्वतःचाच राग आला आणि ती मोजून एकच तारो सोलायला लागली. तो एकसुद्धा घशाखाली उतरायचा नाही. उपास नव्हता तो, नवस नव्हता... नुसताच उतरायचा नाही.

बायका एकत्र विणायला बसत तिथं टोमणे चालू होते. एक म्हणाली, "आमच्याकडे बाई मुलगा कितीही वाया गेला तरी घासातला घास देतो." दुसरी म्हणाली, "काहींचं काळीज दगडांचं असतं, घराभोवती असतात ना, तसल्या." फिलोई पट्टीवर पट्टी घालत राहिली. पाळकबाई मायेच्या होत्या, त्या जवळ सरकून हळूच म्हणाल्या, "फिलोई, उधळ्या मुलाची गोष्ट आठवते ना? बाप धावत सामोरा गेला होता."

"आठवते की, पाळकबाई," फिलोई मान वर न करता म्हणाली. "पण पोरगं परत यायला निघालं, तेव्हा बाप धावला. डुकरांत लोळत होतं तेव्हा बाप गादी घेऊन तिकडे गेला नव्हता."

बायकांचे हात थांबले. मग कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि पाळकबाईंनाही हसू आवरेना.

मालाकी प्रार्थनेला मात्र यायचा. पहिले तीन दिवस आला नाही आणि त्या तीन संध्याकाळी फिलोईला प्रार्थनेचे शब्द आठवले नाहीत. चौथ्या दिवशी गावची घंटा झाली आणि दगडांपलीकडे, झाडाच्या बुंध्याशी ती आकृती येऊन बसली. हात थरथरत होते, ओठ फुटले होते. दारूवाचूनचे दिवस अंगावर काढलेले दिसत होते. त्यानं वर पाहिलं नाही. फिलोईनं गीत सुरू केलं. तिच्या एकटीच्या आवाजाला पलीकडून साथ आली नाही. प्रार्थना संपली, तो उठून गेला. आपल्या पोराला पाठमोरा जाताना रोज बघायचं आणि हाक मारायची नाही... हे परमेश्वरा, ही कसली शिक्षा, आणि कुणाला!

दहाव्या दिवशी ओलिआना आजी काठी टेकत आली. ऐंशीच्या पुढची, दात दोन, जीभ बत्तीस दातांची.

"तुझा मुलगा गाढव आहे," बसता बसता ती म्हणाली.

 "काय केलं त्यानं आता?"

"काय केलं? पानं शिजवून त्याची भाजी केली! पहिली अख्खी खेप फेकून दिली मी. त्याच्या तोंडावर. तो म्हणाला, आजी, चालतील की. म्हटलं, चालतील? ह्यांची चटई विणून तुझ्या आईच्या कमरेला बांध आणि बघ चालतात का. दुसरी खेप समुद्रात भिजत घातली तर दगड ठेवायला विसरला. भरतीबरोबर अर्धी गेली सामोआ सोडून, विनातिकीट!"

"तो... तो येतो तुझ्याकडे?"

"पाचव्या दिवसापासून येतोय. मी रोज शिव्या घालते. मजा येते गं! या मुलाला आयुष्यात कुणी शिव्याच घातल्या नाहीत वाटतं. आधी दचकायचा, आता सवय झाली."  मग म्हातारी आवाज खाली आणून म्हणाली, "काल मला विचारत होता. 'आजी, त्या वेळी आई चटईखाली किती वेळ बसली होती?' मी म्हटलं, वरच्या गावात माझी पुतणी दिली आहे, तिनं डोळ्यांनी पाहिलंय. कोंबडा ओरडल्यापासून ते उन्हं डोक्यावर येईपर्यंत. त्याला वाटत होतं घटकाभर असेल."

"मग?" फिलोईनं विचारलं.

"मग काही नाही. पानं सोलत बसला. सोलता सोलता बोट कापून घेतलं. बघितलंस, गाढवच!"

*

सव्विसाव्या दिवशी भर दुपारी मालाकी दगडांशी येऊन उभा राहिला. प्रार्थनेची वेळ नव्हती. हात काट्यांनी ओरबाडलेले, नखं खाऱ्या पाण्यानं पांढरी पडलेली, चेहरा उन्हानं काळवंडलेला आणि... आणि डोळे स्वच्छ! कितीतरी दिवसांनी तिला त्याचे डोळे दिसले. खांद्यावर केतकीच्या पानांच्या वळकट्या होत्या, पांढऱ्या, लखलखीत. त्यानं त्या एकेक करून दगडांवर मांडल्या.

"तेरा झाल्या, आई."

फिलोई खांबाला धरून उभी राहिली. एक वळकटी उचलून तिनं पान बोटांत चोळलं. मऊ होतं. तिच्या लेकानं केलेलं होतं!

"चांगली आहेत," ती म्हणाली.

"सात राहिल्यात. त्या मी इथं राहून करीन. आत्ता आत येऊ दे ना, आई. वर झोपडी गळते. पाठ धरलीय माझी. मी पीत नाहीये, तुला दिसतंय ना? आजपर्यंत एकदाही खोटं बोललो नाही. आत येऊ दे. एवढं... एवढं एक ताट वाढ."

मागं घरात, केळीच्या पानाखाली, उमूच्या, म्हणजे अंगणातल्या दगडी भट्टीच्या, तापल्या दगडांतून नुकताच काढलेला तारो वाफाळत होता. नारळाच्या दुधाचा वास बाहेरपर्यंत येत होता. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली झाली, ती तिनं पाहिली. देवा! आईच्या जातीला असली घडी दाखवू नकोस! तेरा म्हणजे काय कमी होत्या? तेरा म्हणजे पुष्कळच... कुणीही आई म्हणाली असती, पुष्कळ झालं, ये. तिचा एक पाय दगडांकडे उचललासुद्धा गेला.

आणि तिथंच थांबला.

"किती जळाल्या होत्या?" तिनं विचारलं.

"...वीस."

"मग वीस झाल्या की ये."

 त्याचा चेहरा पिळवटला, आवाज चिरकला. "तू माझ्यासाठी चटईखाली अर्धा दिवस बसलीस! त्या उन्हात! मला आजीनं सांगितलं. आणि आज सात वळकट्यांसाठी मला दारात उभं करतेस? कोण खरी तू? ती का ही?"

"ही!" फिलोई कडाडली. असा आवाज तिच्या स्वतःच्याही ओळखीचा नव्हता. समोरच्या वाटेनं जाणारी दोन माणसं थबकली. "ही खरी! ती चुकली होती! ऐक मालाकी, आज सगळ्या गावानं ऐकलं तरी चालेल. त्या दिवशी मी बसले ना, ती माझी चूक होती. मला वाटलं मी तुला झाकतेय... झाकलं नाही रे, पुरलं! माझ्या हातानं, जिवंत पुरलं तुला! तुझी लाज मी घेतली, तुझं काम मी घेतलं, तुझ्या वाटची माफीसुद्धा मीच मागून आणली, मग तुझ्याजवळ तुझं म्हणून उरलं काय? तुझा बाप जाताना मला म्हणाला होता, पोराला सांभाळ. मी सांभाळ म्हणजे लपव समजले! आता नाही. लोकांनी दगडाची आई म्हणू दे, तू म्हण, जन्मभर बोलू नकोस माझ्याशी... पण तेराला वीस मी म्हणणार नाही!"

ती धाय मोकलून रडत होती, आणि रडता रडता ताठ उभी होती. मालाकीच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. दगडांच्या अलीकडे एक, पलीकडे एक. मध्ये हातभर अंतर, आणि दोघांपैकी कुणीही ते ओलांडलं नाही.

मग त्यानं वाकून वळकट्या गोळा केल्या. एक, दोन... तेरा. खांद्यावर टाकल्या.

"एक विचारू?" तो म्हणाला. "त्या दिवशी... चटईखाली तुला तहान लागली होती का गं?"

"लागली होती," ती म्हणाली. "फार."

त्यानं मान हलवली आणि चालू लागला.

*

पुढं दोन आठवड्यांनी ओलिआना आजी काठी आपटत आली आणि दगडांवर उभी राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "वीस! आणि एक जास्तीची दिलीय त्यानं. मी परत केली. म्हटलं, लाच नको, पुढच्या आठवड्यात माझं खोपट बांधायला ये."

त्या संध्याकाळी प्रार्थनेत फिलोईनं गीत सुरू केलं, आणि दुसऱ्या ओळीला पलीकडून आवाज आला. खर्जातला, गंजलेला, मधूनच फाटणारा... पण त्याचाच! तिला पुढं गाता येईना. त्यानंच गीत पुरं केलं.

प्रार्थना संपल्याची घंटा झाली. ती उठून दगडांपाशी गेली.

"आत ये, मालाकी," ती म्हणाली. "अंथरूण घालते."

तो उभा राहिला, पण पाय हलला नाही. "नको, आई."

"रागावलास? अजून?"

"थोडासा," तो म्हणाला. मग कसंनुसं हसला. "ते कारण नाही. इथं आत आलो ना, की मला झोप येते. दोन वर्षांची सवय आहे. वर झोपडीचं छप्पर शाकारलंय मी. मामानं मळ्याचा वरचा तुकडा दिलाय, तारो लावलाय. काही दिवस तिथंच राहतो."

तिनं ज्याच्यासाठी दीड महिना जिवाचा दगड केला होता, ते नेमकं हेच होतं, आणि आता ते समोर उभं राहिलं तर काळजात कळ उठली! घर किती रिकामं होतं... आठही खांबांतून वारा नुसता वाहत होता.

"बरं," ती म्हणाली.

"उद्या दुपारी जेवायला ये माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी फिलोई मळ्याची चढण चढून गेली. रविवारचा पांढरा पोशाख घालून. मुलाकडे पहिल्यांदा पाहुणी म्हणून जायचं, तर अब्रूनं जावं. झोपडीपुढची जागा झाडलेली होती. त्यानं तिला चटईवर बसवलं, पाठीमागे उशी दिली, केळीच्या पानावर तारोचा मोठा तुकडा वाढला आणि स्वतः समोर बसून, श्वास रोखून बघत राहिला.

तिनं घास घेतला. आतून दडदडीत कच्चा! जिभेला खाज, घशाला खवखव. अठ्ठावीस वर्षं त्याची आई असलेली जुनी फिलोई घास गिळून "वा, छान झालाय हं" म्हणायला तोंड उघडणार होती. पण या फिलोईनं तो घास हातात काढला आणि मागं झाडीत फेकला.

"कच्चा आहे," ती म्हणाली.

मालाकी डोळे विस्फारून बघत राहिला. "थुंकलीस? माझ्या घरचं जेवण थुंकलीस?"

"थुंकले. घसा धरला माझा. परत घाल दगडांखाली."

 आणि मग तो हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, बाप हसायचा तसा गदागदा! हसत हसतच उठला, काठीनं तापलेले दगड बाजूला सारायला लागला.

"तासभर थांबावं लागेल हां, आई."

"थांबते की," फिलोईनं पाय पसरले. "पण सांगून ठेवते, तासानंतर कच्चा निघाला तर तेव्हाही सांगेन."